यादी कोण लिहितं?

सप्रेम आशीर्वाद.

चीनमध्ये घरबांधणीच्या सामानाची दुकानं काढण्याबद्दलचं तुझं प्रेझेंटेशन रात्री वाचून काढलं. चीनमधली शहरं, उत्पन्नाचे आलेख, दुकानांच्या जागा, सगळं मेहनतीने केलंयस. पण गवंडी, प्लंबर, वायरमन यांपैकी कुणीच त्यात दिसला नाही.

होम डेपो या घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या कंपनीची चीनमधली गोष्ट तू 'सांस्कृतिक फरकामुळे माघार' म्हणून एका ओळीत उरकलीस. ती ओळ काढ. न केलेल्या चौकशीवर पांघरूण घालायला आपल्या धंद्यात हा शब्द फार वापरतात. डिसेंबर 2006 मध्ये या अमेरिकन कंपनीने तिआनजिनची 'होम वे' ही चालती साखळी विकत घेतली. सहा शहरांतली 12 दुकानं एका झटक्यात हाती आली. सप्टेंबर 2012 मध्ये उरलेली सातही मोठी दुकानं बंद केली. 850 जणांच्या नोकऱ्या गेल्या आणि 16 कोटी डॉलरचा खड्डा पडला. त्यांची अमेरिकेतली जाहिरात म्हणायची, तुम्ही करू शकता, आम्ही मदत करू. तिथल्या माणसाकडे गॅरेज असतं, त्यात हत्यारं असतात, आणि प्लंबर इतका महाग की रविवारी आपणच पाना घेऊन सिंकखाली शिरलेलं बरं.

चीनमध्ये 1998 नंतर सरकारी घरवाटप बंद होत गेलं आणि लोक फ्लॅट विकत घेऊ लागले. बिल्डर बहुतेकदा किल्ली द्यायचा ती 'माओपी' घराची, म्हणजे नुसत्या सांगाड्याची. खाली कोबा, करड्या भिंती, लोंबणाऱ्या वायरी, संडासाच्या जागी पाइपाचं उघडं तोंड. फरशीपासून दिव्यापर्यंत सगळं मालकाने बघायचं. म्हणजे सामानाची गरज अमेरिकेतल्या गिऱ्हाइकापेक्षा किती तरी मोठी! पण असं घर सुट्टीच्या दिवशी एकट्याने होत नाही, त्याला टोळी लागते, आणि मजुरी स्वस्त होती. ड्रिल घ्यायचं कशाला, आणि छोट्या फ्लॅटमध्ये ठेवायचं कुठे? इथे लोक स्वतः करत नाहीत, करून घेतात, हे कंपनीने दुकानं बंद करताना कबूल केलं.

त्याच धंद्यातल्या ब्रिटिश बी अँड क्यूला हे आधीच उमगलं होतं. (त्यांची मालक कंपनी किंगफिशर. लंडनची, आपली बिअरवाली नव्हे.) 1999 मध्ये शांघायला पहिलं दुकान, 2005 मध्ये जर्मन ओबीची 13 दुकानं घेतली, मग साठीच्या वर गेले. सामानाबरोबर अख्खं घर लावून द्यायचं कामही अंगावर घेतलं. तरी घरांची विक्री मंदावल्यावर ती अवाढव्य दुकानं जड झाली, आणि डिसेंबर 2014 मध्ये 70 टक्के हिस्सा 14 कोटी पौंडांना स्थानिक कंपनीला विकायचा करार झाला. तेव्हा 'सेवा दिली की झालं' असंही लिहू नकोस. आयकिया चीनमध्ये 1998 पासून आहे खरं, पण पलंग-सोफ्याच्या दुकानाची तुलना पाइप-सिमेंटशी कशी करशील?

माझ्या पहिल्या फ्लॅटचं काम निघालं तेव्हा मिस्त्रीने सिगारेटच्या पाकिटामागे यादी लिहिली आणि नाक्यावरच्या दुकानाचं नाव सांगितलं. मी शहाणपणा करून दुसरीकडून स्वस्त टाइल्स आणल्या. "साहेब, ह्या लेव्हलला बसत नाहीत," म्हणत त्याने तीन दिवस काम लोंबकळत ठेवलं. टाइल्स उत्तम होत्या. त्याचं कमिशन बुडालं होतं.

चीनमध्ये हे जसंच्या तसं असेल असं मी म्हणत नाही. म्हणूनच तिथल्या तुझ्या सहकाऱ्यांना एक सबंध शनिवार बांधकाम साहित्याच्या बाजारात उभं राहायला सांग. यादी कुणाच्या खिशातून निघते, भाव कोण करतं, पैसे कोण मोजतं आणि गोणी कोण उचलतं, एवढंच वहीत टिपायचं. त्या वहीचे फोटो मला पाठव. प्रेझेंटेशन नंतर बघू.

तुझा,
काका