विद्युत पॅनेलच्या देखभालीचे तेच काम दहा वर्षे करताना गाफीलपणा कसा टाळावा?
तारेला हात लावण्यापूर्वीची तपासणी स्मरणावर न सोडता प्रत्येक वेळी त्या भागाकडे बोट दाखवून आणि मोठ्याने उच्चारून करावी. सरावाच्या कामात डोळ्यांना अपेक्षित तेच दिसते. स्विच बंद दिसला की पुरवठाही बंदच आहे असे मन गृहीत धरते, पण जनरेटर, इन्व्हर्टर किंवा चुकीच्या नावाची पट्टी लावलेला दुसरा फीडर (पॅनेलला वीज आणणारी मुख्य तार) यांमुळे तारेत वीज असू शकते. म्हणून टेस्टर आधी वीज चालू असल्याची खात्री असलेल्या जागी, मग कामाच्या तारेवर आणि पुन्हा पहिल्या जागी लावून पाहावा, कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच दाखवतो, आणि हीच पायरी अनुभवी माणूस सर्वांत आधी गाळतो. भारतीय रेल्वेत लोको पायलट आणि सहायक सिग्नलची स्थिती एकमेकांना मोठ्याने सांगतात ते याचसाठी. जपानच्या रेल्वे तंत्रसंशोधन संस्थेच्या १९९४ मधील प्रयोगात बोट दाखवून उच्चारण्याच्या या पद्धतीने साध्या कामातील चुका दर १०० कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. मात्र प्रत्येक पायरीला उच्चार जोडल्यास त्याचे निव्वळ पाठांतर होते, त्यामुळे जिथे चूक सुधारण्याची संधीच मिळत नाही अशा दोन-तीन ठिकाणांपुरताच तो ठेवावा.