नाणं गायब करायची ट्रिक शिकतोय, पण दरवेळी पकडला जातो. नेमकं काय चुकतंय?

तुमचा प्रश्न वाचला. व्हिडिओ बघून फ्रेंच ड्रॉप (नाणं दुसऱ्या हातात घेतल्यासारखं दाखवून पहिल्याच हातात ठेवायची ट्रिक) शिकताय, हात लहान आहेत, ऑफिसच्या गॅदरिंगला करून दाखवायचंय आणि घरी दाखवलं की बायको, पोरगं सगळे एका सुरात "त्या हातात आहे" म्हणून मोकळे होतात. तर पहिलं म्हणजे हात लहान असण्याचा इथे काहीएक संबंध नाही, ते डोक्यातून काढा. दुसरं, स्पीडच्या मागे लागला असाल तर तेही आजच सोडा. झटकन केलं की समोरच्याला काय झालं ते कळत नाही पण काहीतरी झालं हे मात्र पक्कं कळतं, आणि एकदा तो क्षण त्याने पकडला की मग उरतात दोनच हात, एकात नसेल तर दुसऱ्यात, त्याला डोकं कशाला लागतंय.

माझं मत विचाराल तर घोळ नाणं असलेल्या हाताचा नसतोच, रिकाम्या हाताचा असतो. सगळे नवीन लोक नाणं लपवायची प्रॅक्टिस करतात, रिकामी मूठ भरलेली दाखवायची प्रॅक्टिस कोणी करत नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी ट्रिक थोडक्यात सांगतो. डाव्या हाताचा तळवा आपल्याकडे आणि थोडा वर, नाणं अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांत कडेने धरलेलं, सपाट बाजू लोकांकडे. उजवा हात ते घ्यायला येतो, त्याचा अंगठा नाण्याच्या मागच्या पोकळीतून जातो आणि बाकीची बोटं पुढून येतात. बोटांआड नाणं गेलं की डावा अंगठा जरासा सैल करायचा, नाणं स्वतःच्या वजनाने डाव्या हातात बोटांच्या मुळाशी पडतं, आणि उजवी मूठ नाणं घेतल्यासारखी मिटत बाजूला जाते. बस. समजायला एक संध्याकाळ पुरते, म्हणून ती शाळेतल्या पोरांनाही माहीत असते आणि म्हणूनच बदनाम आहे.

आता खरं काम. एक आठवडाभर ट्रिक करूच नका, नाणं खरंच घ्या. डाव्या हातातून उजव्या हातात, अगदी निवांत, आणि मोबाईल समोर टेकवून त्याचा व्हिडिओ काढा. मग बघा. खरं नाणं घेतलेली मूठ पूर्ण आवळलेली नसते, आत नाण्याएवढी जागा असते, अंगठा पहिल्या बोटाच्या कडेला टेकलेला असतो आणि पेरं पांढरी पडलेली नसतात. नजर नाण्याबरोबर उजव्या हाताकडे जाते आणि मग समोरच्याच्या तोंडाकडे. डावा हात काय करतो? काहीच नाही, त्याचं काम झालेलं असतं, सैल होऊन खाली येतो. आता खोटं करतानाचा व्हिडिओ त्याच्या शेजारी लावून बघा. नव्वद टक्के लोकांचा डावा हात हवेत तिथेच थिजलेला दिसेल आणि त्याचा अंगठा ताठ उभा. तो उभा अंगठा म्हणजे नाणं इथे आहे हो अशी पाटीच. अंगठा पहिल्या बोटाला हलकेच टेकवा, बोटं अर्धवट वाकलेली राहू द्या, आपण उभे असताना हात जसा लोंबतो ना तसाच, आणि हात खाली सोडा.

आरशासमोर प्रॅक्टिस करा असं सगळीकडे सांगतात. थोडी करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण आरशात बघायच्या नादात नजर स्वतःच्याच हातावर खिळायची सवय लागते, आणि एक गंमत म्हणजे नाणं पडायच्या नेमक्या क्षणी माणूस डोळे मिचकावतो, म्हणजे स्वतःच स्वतःला फसवतो आणि त्याला वाटतं झकास जमलं. व्हिडिओ डोळे मिचकावत नाही.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कारण. नाणं डाव्या हातात छान होतं की, मग उजव्यात कशाला घेतलं? बघणारा हे तोंडाने विचारत नाही पण त्याच्या मनात खटकतं. त्यावर सगळ्यात सोपा उपाय पेन. शर्टाच्या डाव्या खिशात पेन ठेवा. नाणं उजव्या हातात "घेतलं", डावा हात पेन काढायला खिशात गेला, झालं, डावा हात मोकळा व्हायला कारण मिळालं, म्हणूनच तर नाणं उजव्यात घेतलं. जमलं तर नाणं तिथेच खिशात सोडून द्या, नाही जमलं तर हातातच राहू दे, पेन धरलेली बोटं तशीही वाकलेली असतात, कुणाला काही वाटत नाही. जादूगारांची कांडी असते ना, तिचं खरं काम हेच, मंत्र बिंत्र नंतर. मग पेनने उजव्या मुठीवर हलकेच टकटक करा, काहीतरी बोला, आणि मग एकेक बोट उघडा. लगेच उघडू नका हां. नाणं "घेतलं" आणि मूठ उघडली यात चार-पाच सेकंद गेले की बघणाऱ्याला नक्की कुठल्या क्षणी झालं ते मागे जाऊन शोधता येत नाही. आणि "बघा, या हातात काही नाही" असलं वाक्य चुकूनही बोलू नका, खरं नाणं धरलेला माणूस असं कधी बोलतो का?

नाण्याचं म्हणाल तर इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ अमेरिकन हाफ डॉलर धरून सांगतात, तो साधारण 30.6 मिलिमीटरचा, आपल्याकडे तेवढं चालू नाणं नाही. आपलं दहाचं 27 मिलिमीटर आणि जवळपास पावणेआठ ग्रॅम, दोन रंगांचं असल्यामुळे लांबूनही उठून दिसतं, ते वापरा. नवा रुपया 20 मिलिमीटरचा, तो बोटांतच हरवतो, नको. हल्ली सगळं यूपीआयवर चालतं त्यामुळे खिशात नाणी नसतात, बेस्टच्या कंडक्टरला नोट देऊन दहाची नाणी मागा, बहुतेकदा खुशीने देतो. डाव्या हातात अंगठी असेल तर काढून ठेवा, नाणं पडताना खट्ट वाजतं आणि सगळं संपतं. आणि आपल्या मुंबईचा घाम, मे आणि ऑक्टोबरमध्ये तर विचारू नका, नाणं अंगठ्याला चिकटतं आणि पाव क्षण उशिरा पडतं, तोवर उजवा हात निघून गेलेला असतो. करायच्या आधी बोटं रुमालाला पुसायची.

लपवायची सवय मात्र वेगळी लावावी लागते आणि ती चालता-फिरता लागते. नाणं मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी, बोटं जराशी वाकवून धरायचं आणि त्याच हाताने बाकी कामं करायची, मोबाईल बघा, पिशवी उचला, कुलूप उघडा. लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथे बेस्ट, दादर ते डोंबिवली दुसरं करायचं काय असतं. नाणं पडलं तर अख्खी सीट खाली वाकून शोधते आणि सगळे तुमच्याकडे संशयाने बघतात, तेवढी तयारी ठेवा.

हातात असं लपवणं म्हणजे काही परदेशी कौतुक नाही बरं का. अंनिसचा चमत्कार सादरीकरणाचा कार्यक्रम कधी बघितला असेल तर हवेतून विभूती काढून दाखवतात. राख भाताच्या पेजेत मळून तिच्या गोळ्या वाळवलेल्या असतात, एक गोळी अंगठ्याच्या बेचक्यात दडवलेली, हात हवेत फिरवता फिरवता बोटांनी चुरडायची, झाली विभूती. बाबा लोकांचं भांडवल तेच आणि आपलंही तेच, फरक एवढाच की आपण आधीच सांगतो ही ट्रिक आहे.

रस्त्यावरचे मदारी तर यात बाप होते. जमिनीवर बसून तीन वाट्या आणि कापडाचे गोळे, वाटीला वर गाठीसारखी मूठ, ती दोन बोटांत धरून उचलायची म्हणजे तळवा मोकळा राहतो. हा खेळ किती जुना, तर रोमन लेखक सेनेका त्याच्या एका पत्रात वाट्या आणि खड्यांच्या खेळाबद्दल लिहून गेलाय की ही फसवणूकच मला आवडते, कसं केलं ते दाखवलंत की माझा रस संपला. मुंबईत आता मदारी फारसे दिसत नाहीत, त्याला बरीच कारणं असतील, पण 1959 च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भिकेच्या व्याख्येत गाणं, नाच आणि खेळ करून दाखवणंही घातलेलं आहे, हे वाचल्यावर मला तर चीडच आली. असो. तीन वाट्यांचा खेळ तुम्ही आत्ताच हातात घेऊ नका, त्यात हीच खोटी देवाणघेवाण पुन्हा पुन्हा करावी लागते, आधी एका नाण्याची नीट बसू दे.

किती दिवस लागतील हे विचारलंत. रोज पंधरा-वीस मिनिटं दिली तर हात दोन-तीन आठवड्यांत वळायला लागतील, पण तोंडाने बोलत असताना हात न अडखळता चालायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून बोलत बोलतच करा, भले भाजीचे भाव सांगा.

गॅदरिंगला मात्र स्टेजवर करू नका, 27 मिलिमीटरचं नाणं पाचव्या रांगेतून दिसतच नाही. जेवणाच्या वेळी चार-पाच जणांच्या घोळक्यात करा, सगळे समोर हवेत, उजव्या बाजूला अगदी खेटून कोणी नको कारण तिथून डाव्या तळव्यात थेट दिसतं. तुम्ही खुर्चीत आणि बघणारा उभा असंही नको, वरून सगळा कारभार उघडा पडतो. "परत कर ना" म्हणतीलच, परत करायचं नाही, त्याऐवजी दडवलेलं नाणं कुणाच्या तरी कोपराखालून नाहीतर डब्याच्या झाकणामागून काढून द्या आणि गुलाबजाम घ्यायला निघून जा.