बी-१५ घेऊ की एसव्हीटी?

प्रश्न : गणपतीत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो, ट्यूब अँपच (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा अँप्लिफायर) घ्यायचाय. अँपेग कंपनीच्या बी-१५ आणि एसव्हीटीच्या टोनमध्ये नेमका फरक काय?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, बी-१५ म्हणजे १९६० चं डिझाईन, २५-३० वॅट आणि एकच १५ इंची स्पीकर, त्यामुळं आवाज गोल, उबदार, आणि जरा जोरात वाजवलं की ट्यूबवर लवकर ताण येतो नि सूर मऊ होतो, रेकॉर्डिंगला मला तोच आवडतो. एसव्हीटी १९६९ चा, ३०० वॅट, १० इंची आठ स्पीकरवर आवाज थेट छातीत बसतो, मिडमध्ये (मधल्या सुरांत) गुरगुर येते, मोठ्या ड्रमपुढंही बेस हरवत नाही. तुमच्या मंडपाला हाच लागणार. पण नुसतं हेडच (स्पीकरविना अँपचा डबा) ३५ किलोच्या वर, उचलायला दोघं पाहिजेत. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अँप वाजवू नका हां, ट्यूब नि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.