अ‍ॅक्रिलिक वितळतं, सेक्शन झटका मारतो

प्रश्न : नऱ्ह्यात माझं साइनबोर्डचं छोटं वर्कशॉप आहे. 10 इंची, 40 दातांच्या एकाच कार्बाइड ब्लेडवर प्लाय, अ‍ॅक्रिलिक आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शन कापतो. प्लायची तक्रार नाही. अ‍ॅक्रिलिकची कड वितळून परत चिकटते, सेक्शन झटका मारतो. दुकानदार म्हणतो, 120 दातांचं घ्या. घेऊ का? एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) पाइपही त्यावर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : 120 दातांनी अ‍ॅक्रिलिक आणखीच वितळेल. मशीन 3000 आरपीएमचं आणि तुम्ही मिनिटाला 3 मीटर शीट ढकलता असं धरू. 40 दातांत एका दाताच्या वाट्याला 0.025 मिलिमीटर येतं, 120 मध्ये जेमतेम 0.008. एवढ्यात दात कापत नाही, घासत बसतो. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं. त्यात ‘हळू सरकवलं की फिनिश येतं’ ही आपल्याकडची लाडकी समजूत!

दात मोजण्याआधी त्यांचा कल बघा. भोसरीत माझ्याकडे धारेला येणारी लाकडाची बहुतेक ब्लेडं पुढे झुकलेल्या दातांची असतात. टोकं आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरकी. लाकडाचे रेषे त्यांनी सुरेख तुटतात, पण पातळ सेक्शनमध्ये तेच टोक घुसून जॉब ओढतं. तुमचा झटका तो हाच. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लेडचा दात साधारण 5 अंश मागे कललेला असतो, यालाच उणा कोन म्हणतात. एक दात किंचित उंच, कोपरे मारलेला, पुढचा सपाट. उंच दात मधून चर पाडतो, सपाट दात कडा साफ करतो.

असं 80 दातांचं, उण्या कोनाचं ब्लेड घ्या. सेक्शन क्लॅम्पमध्ये पक्का धरा, दातांना अधूनमधून मेणाची कांडी लावा. पातळ अ‍ॅक्रिलिकलाही ते चालेल, पण दातांवर अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं असेल तर कड ओरखडणारच. जमेल तेव्हा अ‍ॅक्रिलिकसाठी वेगळं घ्या. ब्लेडवर छापलेला कमाल आरपीएम मशीनपेक्षा कमी असेल, तर फुकट मिळालं तरी बसवू नका.

एमएस पाइप या मशीनवर आणूच नका. तुमच्या ब्लेडची कड मिनिटाला 2300 मीटरच्या वर पळते. एमएस कापणारं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेड 20-30 मीटरनं, कूलंटखाली चालतं. महिन्याला चार पाइप असतील तर बाहेरून कापून आणा.

आणि जुन्या ब्लेडला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका, दाताची कार्बाइड टिप उडते. तसंच धारेला द्या.