शाळेत ग्रहण शिकवताना मुलांच्या घरच्या समजुतींना हात लावावा का?

लावावा, पण घरच्यांना अडाणी न ठरवता. संविधानाच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्यच सांगितलंय.

२६ डिसेंबर २०१९ ला आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं. मी पाचवीच्या मुलांना मैदानातल्या कडुलिंबाखाली नेलं. पानांच्या बारीक फटींतून मातीवर असंख्य चंद्रकोरी उतरल्या होत्या, प्रत्येक कोर म्हणजे सूर्याचीच प्रतिमा. एका मुलीने डबा आणला नव्हता. आजी म्हणाली होती, वेध लागलेत, अन्न दूषित होतं. मी वाद घातला नाही. माझी पोळीभाजी ग्रहणभर टेबलावर ठेवली आणि सुटल्यावर तिच्यासमोर खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या विचारत होती, “बाई, पोट दुखलं का?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. देवपूजा घरात खुशाल असू दे, पण राहू-केतूला विज्ञानाच्या पेपरात गुण देता येत नाहीत. सावलीमुळे ग्रहण होतं हे आर्यभटाने इ.स. ४९९ मध्येच मांडलं होतं, तेव्हा हे ज्ञान परकंही नाही. आणि “पुस्तकात आहे म्हणून खरं” असं सांगणारा विज्ञानशिक्षकही पोथीच वाचतोय. आधी मुलांना झाडाखाली न्या.