अक्कलदाढ काढून ८ दिवस झाले. डॉक्टरांनी दिलेला माउथवॉश पुढेही रोज वापरला तर इन्फेक्शन टळेल का? आई म्हणते मिठाच्या गुळण्या पुरे.

आई बरोबर आहे. निदान आता, ८ दिवसांनंतर तरी. बाटलीत जे उरलंय ते संपवा, पण मेडिकलमधून स्वतःहून दुसरी आणू नका, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी.

मी स्वतः डेंटिस्ट आहे, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी क्लिनिक आहे, आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या बाटलीचं प्रकरण माझ्याकडे सारखं येतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही औषधाचं नाव दिलं नाहीये पण अक्कलदाढेनंतर आपल्याकडे बहुतेक करून क्लोरहेक्सिडीनच देतात, ०.२ टक्क्यांचं, हेक्सिडीन वगैरे नावानं मिळतं ते. बाटलीच्या मागे बारीक अक्षरात बघा, क्लोरहेक्सिडीन ग्लुकोनेट असं लिहिलेलं असेल. तेच असेल असं धरून पुढचं वाचा.

हे औषध चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. याची खासियत म्हणजे हे चिकटतं. दातावर, हिरडीवर, गालाच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं आणि पुढचे कितीतरी तास हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे दिवसातून दोनदा १०-१० मिली एवढं पुरतं. १९७० मध्ये लो आणि शॉट या दोन संशोधकांनी दाखवून दिलं की माणसांनी ब्रश पूर्ण बंद केला आणि फक्त ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनने दोनदा चूळ भरली तरी दातांवर किटण साचत नाही. हे ऐकून लोकांना वाटतं मग ब्रश कशाला हवा! पण ते सगळं आधी नीट साफ केलेल्या दातांवर होतं हो. स्वच्छ दातावर नवीन थर बसू न देणं हे त्याला जमतं, आधीच बसलेला जाड थर फोडून आत शिरणं जमत नाही. ही गोष्ट काही नवीन नाही, स्वतः भिंगं बनवून सूक्ष्म जीव बघणाऱ्या हॉलंडच्या लेवेनहुकने १६८० च्या दशकातच स्वतःच्या दातांवरचं किटण भिंगाखाली बघितलं होतं, त्यात वळवळणारे जीव दिसले, मग व्हिनेगर वापरून पाहिलं तर बाहेरबाहेरचे मेले आणि थराच्या आतले जिवंत राहिले. आज बाटली बदलली, थर तोच आहे.

म्हणून माझ्या दृष्टीने हा माउथवॉश म्हणजे ब्रशचा तात्पुरता बदली कामगार. टाके आहेत, सूज आहे, तोंड दोन बोटंही उघडत नाही, मागे ब्रश पोचत नाही, तेवढ्या दिवसांसाठी. साधारण आठवडा, फार तर दोन. ब्रश तिथे पोचायला लागला की त्याचं काम संपलं.

जास्त दिवस वापरलं तर काय होतं ते मी दर महिन्याला बघते. खालच्या पुढच्या दातांना आतून तपकिरी डाग, जिभेवर काळपट थर, आणि जो चहा जास्त पितो त्याला डाग जास्त. एक काका तर तीन-चार महिने वापरत होते, आले ते दात दाखवायला नाही, घरच्यांची तक्रार घेऊन, की सूनबाई मुद्दाम वरणात मीठ घालत नाही. मीठ सगळ्यांना नीट लागत होतं! क्लोरहेक्सिडीनने चव बिघडते आणि त्यात खारट चव आधी जाते. बंद केल्यावर चव परत येते, डाग मात्र घासून जात नाहीत, आमच्याकडे येऊन पॉलिश करून घ्यावे लागतात. शिवाय दातांवर दगडासारखा टार्टर जास्त साचतो, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं कारण ते दात स्वच्छ राहावेत म्हणूनच वापरत असतात.

अजून एक, आणि हे मेडिकलवाला कधीच सांगत नाही. पेस्ट लावून ब्रश केला आणि लगेच माउथवॉश घेतला तर निम्मं औषध वाया. पेस्टला फेस आणणारं जे रसायन असतं ते क्लोरहेक्सिडीनला निकामी करतं. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आणि नंतर पाण्याने चूळ भरू नका, कडू लागलं तरी, नाहीतर चिकटलेलं सगळं धुऊन जातं.

आता मिठाचं पाणी. मीठ-पाणी जंतू मारतं म्हणून चांगलं असं नाही, त्या हिशोबाने ते क्लोरहेक्सिडीनच्या जवळपासही येत नाही. ते खड्ड्यात अडकलेले भाताचे, पोळीचे कण धुऊन काढतं आणि हिरडीला झोंबत नाही, एवढंच काम, पण आत्ता तुम्हाला तेवढंच हवंय. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर प्रत्येक वेळी. जोरात खुळखुळवायचं नाही, तोंडात घेऊन मान त्या बाजूला कलती करायची आणि तोंड उघडून पाणी पडू द्यायचं. कढत पाणी नको.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास मात्र कुठलीच चूळ नको, ना मिठाची ना औषधाची. तुमचा तो टप्पा गेलाय पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसलेली असते, तीच हाडाचं झाकण. ती निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास कानापर्यंत ठणका लागतो, त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. माउथवॉश नीट वापरला तर हे होण्याची शक्यता कमी होते असं अभ्यासात दिसलंय, तो द्यायचं एक मोठं कारण तेच. पण वर सिगारेट ओढत असाल, स्ट्रॉने ज्यूस पीत असाल किंवा आमच्याकडच्या बायकांसारखी सकाळची मिश्री सुटत नसेल तर दोन बाटल्या वापरूनही उपयोग नाही.

आणि खरं सांगू का, इन्फेक्शन टाळायचा मोठा भाग तुम्ही घरी जायच्या आधीच झालेला असतो. दाढ काढायच्या आधी मिनिटभर चूळ भरायला देतात ती त्यातलीच, तोंडातले जंतू कमी होतात आणि मशीनच्या फवाऱ्यातून आमच्या अंगावर, खोलीत उडणारेही कमी होतात. पण त्याहून महत्त्वाचं ऑटोक्लेव्ह, म्हणजे हत्यारं निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ डिग्रीला १५ मिनिटं वाफेच्या दाबाखाली, किंवा १३४ ला त्याहून कमी वेळ. पुढच्या वेळी खुर्चीत बसाल तेव्हा बघा, हत्यारं सीलबंद पाऊचमधून तुमच्यासमोर फोडली का, पाऊचवरच्या खुणेचा रंग बदललाय का. विचारायला लाजू नका, मला तरी असा पेशंट आवडतो.

हार्टचा व्हॉल्व बदललेला असेल किंवा पूर्वी हृदयाच्या आत इन्फेक्शन होऊन गेलं असेल तर माउथवॉशच्या भरवशावर अजिबात राहू नका, त्याने ते टळत नाही. त्यांना काही ट्रीटमेंटच्या तासभर आधी अँटिबायोटिक द्यावं लागतं, तेव्हा डेंटिस्टला आधीच सांगा. थायरॉइड असेल तर बीटाडीनच्या गुळण्या विचारल्याशिवाय नको, त्यात आयोडीन असतं. आणि चूळ थुंकता न येणाऱ्या लहान मुलांना यातलं काहीच नको.

तुमचं म्हणाल तर ८ दिवसांनी थोडं दुखणं, खड्ड्यात अन्न अडकणं हे चालायचंच. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, पू किंवा घाण चव येत असेल, ताप असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. आणि जबड्याखाली सूज उतरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर फोनही करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.