सर्व्हरला कुठलं लिनक्स टाकू म्हणतोस?

अरे, डेस्कटॉप कसा दिसतो हे आधी डोक्यातून काढ, सर्व्हरवर तू एसएसएच करून, म्हणजे लांबूनच कमांड टाइप करत, काळ्या खिडकीतच बसणारेस. बघायचं काय तर सिक्युरिटी अपडेट किती वर्षं येणार. उबंटू या लिनक्सचं एलटीएस (जास्त वर्षं अपडेट मिळणारं व्हर्जन) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं, पाच वर्षं अपडेट फुकट, म्हणजे २४.०४ (एप्रिल २०२४ चं) टाकलंस तर २०२९ पर्यंत चिंता नाही. मधली, नऊच महिने अपडेट मिळणारी व्हर्जन सर्व्हरवर नको, प्लीज.

मला स्वतःला डेबियन हे लिनक्स जास्त आवडतं, १९९३ पासून चालू आहे आणि कुठल्या कंपनीच्या मालकीचं नाही. पॅकेजं, म्हणजे त्यातली सॉफ्टवेअरं, जुनी असतात अशी बोंब असते, पण ती मुद्दाम गोठवलेली असतात आणि सिक्युरिटी पॅच त्याच जुन्या व्हर्जनला लावून देतात, म्हणून रात्री अपडेट मारलं तरी सकाळी साइट उभी असते (बहुतेक!). प्रोग्रामिंगसाठी नवीन पायथन पाहिजे तर डॉकरमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात) चालव, सिस्टिमचं पायथन उचकटू नकोस, मी केलंय एकदा, एपीटी (सॉफ्टवेअर टाकायचं टूल) दर कमांडला एरर फेकायला लागलं आणि अख्खा शनिवार गेला.

सेंटओएस ७ या जुन्या लिनक्सची ट्यूटोरियल ढिगाने सापडतील, त्यांच्या नादी लागू नकोस, ३० जून २०२४ ला ते बंद झालं. रेड हॅट कंपनीच्या लिनक्ससारखंच पाहिजे तर रॉकी नाहीतर अल्मा.

लॅपटॉपवर आर्च या सतत नवीन होत राहणाऱ्या लिनक्सची हौस असेल तर खुशाल भागव, फक्त सर्व्हरवर जे आहे तेच एका व्हीएममध्ये (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) ठेव, नाहीतर "माझ्याकडे तर चालतंय" सुरू होतं.